१७पी११.२ : रिपोर्टातली एक ओळ

रातकिडा (धागाकर्ती)

रात्रीचे दोन चाळीस झालेत. लेक समोर जमिनीवर बसून जुन्या मासिकाची पानं उलटतेय. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं, परत बोट जिभेला. चित्रांकडे बघत नाही, नुसतं उलटणं. मधूनच माझ्याकडे नजर गेली की खूश होते, स्वतःलाच घट्ट मिठी मारते, दात आवळते, दोन सेकंद सगळं अंग थरथरतं. मग पुन्हा पानं.

हे दोन्ही चाळे मी व्हिडिओत टिपून ठेवले होते. गेल्या महिन्यात नव्या जेनेटिसिस्टना दाखवले, तर त्यांनी व्हिडिओ पुरता बघितलाही नाही. म्हणाले, "तान्ही असताना फार शांत होती? रडायचीच नाही, पाजायला उठवावं लागायचं?" हो. "आवाज घोगरा?" हो. "संध्याकाळी बसल्या बसल्या पेंगते आणि पहाटे तीन-चारला टक्क जागी?" मला पुढचं ऐकूच येईना. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आमच्या घरात राहून गेल्यासारखं बोलत होतं.

ती वर्षाची असताना दुसऱ्या एका ठिकाणी कॅरिओटाइप नावाची गुणसूत्रांची तपासणी झाली होती. नॉर्मल. "जेनेटिक काही नाही" असं सांगून फाइल मिटली. त्यानंतर तिला निरनिराळी लेबलं चिकटत गेली. विकासात उशीर, ऑटिझमसारखं काहीतरी, अतिचंचल. एकांनी तर माझ्याकडे बघत "लाड जरा कमी करा" सांगितलं. आता मायक्रोअ‍ॅरे नावाची दुसरी तपासणी झाली आणि कागदावर एक ओळ आली : १७पी११.२, एक्स १, ३.७ एमबी, पॅथोजेनिक. खाली कंसात स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम.

ही ओळ नीट वाचायला मला कुणी मदत कराल का? आधीचा रिपोर्ट नॉर्मल कसा आला? आणि झोपेचं काय करायचं? "देव परीक्षा बघतो" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते प्रत्यक्षात भरपूर मिळतात.

सूक्ष्मदर्शी

वीस वर्षं सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून ओळीपुरतं लिहितो.

१७ म्हणजे सतरावं गुणसूत्र. प्रत्येक गुणसूत्राला मध्ये एक आवळलेली जागा असते, तिच्या एका बाजूला आखूड बाहू आणि दुसऱ्या बाजूला लांब. आखूड बाहूला पी म्हणतात, फ्रेंच 'पेटी' म्हणजे लहान, त्यावरून. ११.२ हा घराचा पत्ता आहे. तो 'अकरा पॉइंट दोन' असा वाचायचा नाही. 'एक, एक, पॉइंट दोन' असा वाचायचा. पहिला विभाग, त्यातला पहिला पट्टा, त्यातला दुसरा उपपट्टा. आकडा लहान म्हणजे जागा मधल्या आवळीच्या जवळ.

एक्स १ म्हणजे त्या जागेची एकच प्रत सापडली. एरवी दोन असतात, एक आईकडची, एक वडलांकडची. पॅथोजेनिक म्हणजे आजाराला कारण होणारं. ३.७ एमबी म्हणजे गळालेल्या तुकड्याची लांबी, डीएनएची ३७ लाख अक्षरं. दोन हजार अक्षरांचं एक पान धरलंत तर साडेअठराशे पानं होतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सतरावं गुणसूत्र सुमारे ८ कोटी ३० लाख अक्षरांचं आहे.

आता जुना रिपोर्ट. कॅरिओटाइपमध्ये आम्ही पेशी विभागणीच्या मध्यावर थांबवतो, गुणसूत्रं रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली काळे-पांढरे पट्टे डोळ्यांनी मोजतो. रोजच्या कामात ५० लाख ते १ कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकडा त्यात हमखास दिसेल असं नाही. तुमचा ३७ लाखांचा आहे. नेमकं तिथेच बघ असं सांगितलेलं असेल आणि पट्टे छान पसरलेले असतील तर मुरलेल्या माणसाला कधी कधी दिसतो, एरवी निसटतो. त्या रिपोर्टात कुणी खोटं लिहिलं नव्हतं. चूक झाली ती 'या तपासणीत दिसलं नाही' याचं भाषांतर 'जेनेटिक काही नाही' असं करण्यात. माझ्या व्यवसायातलं हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे.

फिश नावाची तपासणीही असते. तीत चमकणारा रंग नेमक्या जागेवर जाऊन चिकटतो. दोन ठिपके दिसले तर ठीक, एकच दिसला तर तुकडा गेला. पण फिशला कुठे बघायचं ते आधी सांगावं लागतं. मायक्रोअ‍ॅरेला सांगावं लागत नाही, तो सगळीकडे चाळण लावतो.

रातकिडा

धन्यवाद. तीन वेळा वाचलं. आता खरा प्रश्न, जो मी डॉक्टरांना विचारू शकले नाही. गळालं कशामुळे? गरोदरपणात मी एक गोळी घेतली होती, आणि दोनदा प्रवास.

सूक्ष्मदर्शी

गोळीमुळे नाही, प्रवासामुळे नाही. हे नुसतं समजुतीखातर लिहीत नाही, कारण ठाऊक आहे म्हणून लिहितो.

१७पी११.२ च्या दोन्ही अंगांना काही मोठे मजकूर जवळपास शब्दशः सारखे आहेत. हे तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, सगळ्या माणसांत आहेत. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं शेजारी शेजारी लागतात आणि आपापसांत तुकडे बदलतात. हे व्हायलाच हवं, त्यातूनच प्रत्येक मूल वेगळं निघतं. पण कधी एका गुणसूत्राचा पहिला मजकूर दुसऱ्याच्या शेवटच्या मजकुरासमोर लागतो, कारण दोन्ही सारखेच दिसतात. तिथेच अदलाबदल झाली की एका गुणसूत्रातून मधला सगळा भाग गळतो आणि दुसऱ्यात तो दोनदा येतो. साधारण ७० टक्के मुलांत गळालेल्या तुकड्याची लांबी एकसारखी, हीच ३.७ एमबी, निघते ती त्यामुळेच. कडा ठरलेल्या आहेत.

ज्या पेशीत तो भाग दोनदा गेला तिच्यातून मूल झालं तर त्याला पोटोकी-लुप्स्की सिंड्रोम होतो. एकाच अपघाताची ही दुसरी बाजू.

हे सगळं गर्भ राहण्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं, बहुतेकदा. आईच्या पेशीत किंवा वडलांच्या, दोन्हीकडे होऊ शकतं.

ओळगळ

मी मुद्रितशोधक. सूक्ष्मदर्शींचं वाचून खुर्चीत ताठ बसलो. आमच्याकडे हे रोजचं आहे हो! नक्कल करणाऱ्याची नजर एका 'तेव्हा तो म्हणाला'वरून खालच्या परिच्छेदातल्या 'तेव्हा तो म्हणाला'वर उडी मारते आणि मधल्या बारा ओळी जातात. वाक्य बेमालूम जुळतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या पोथ्यांत तर याची रेलचेल. नक्कल करणारा आळशी होता म्हणून नाही, मजकुरातच सारखी वाक्यं होती म्हणून.

रातकिडाताई, पोथीत ओळ गळते तेव्हा कागदाला कुणी दोष देत नाही.

अर्धविराम

भाबडा प्रश्न. ३७ लाख अक्षरं गेली, म्हणजे जनुकंही पुष्कळ गेली असणार. मग मूल चालतं-बोलतं कसं? आणि हे पुढच्या भावंडात येतं का? (आमच्या घरात वेगळ्याच गुणसूत्राचं प्रकरण आहे, म्हणून विचारतेय.)

सूक्ष्मदर्शी

जनुकं डझनांनी जातात, पण प्रत्येकाची दुसरी प्रत शाबूत असते आणि बहुतेक जनुकांना एका प्रतीवर भागवता येतं. ज्यांना भागवता येत नाही त्यांत इथे मुख्य आहे आरएआय१. सुमारे १० टक्के जणांत तुकडा गळालेलाच नसतो, फक्त या एका जनुकात बिघाड असतो, तरी चेहरामोहरा, झोप, वागणं बरंचसं तेच. २००३ मध्ये हे कळलं आणि मुख्य आरोपी ठरला. म्हणून खूण पटते आहे पण मायक्रोअ‍ॅरे स्वच्छ आला, अशी कुणाची स्थिती असेल तर आरएआय१ चं सीक्वेन्सिंग, म्हणजे एकेक अक्षर वाचणं, मागून घ्या. तुकड्यासोबत गेलेली शेजारची जनुकं आपापला भार टाकतात. हृदय, मूत्रपिंड, ऐकणं, उंची यांच्या तक्रारी तुकडा गेलेल्यांत जास्त दिसतात ते त्यामुळे.

भावंडांचं : बहुतांश वेळा हे नव्यानेच घडलेलं असतं आणि पुन्हा होण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी धरतात. पण 'बहुतांश' वर थांबू नका. क्वचित आई किंवा वडलांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची जागा बदललेली असते, काही कमी-जास्त न होता. त्या माणसाला काहीच त्रास नसतो, मुलांना मात्र धोका असतो. म्हणून दोघांची तपासणी करायची. तीही मायक्रोअ‍ॅरेने नव्हे बरं का, कारण तो फक्त प्रती मोजतो, जागा बघत नाही. इथे तोच जुना कॅरिओटाइप आणि फिश कामाला येतात. तुमचं गुणसूत्र वेगळं असेल तर गणितही वेगळं, जेनेटिक काउन्सेलरना गाठा.

कडकशिस्त

एवढं सगळं शास्त्र वाचलं. पण पाच वर्षांचं मूल रात्री अडीचला मासिक चाळतंय आणि आई समोर बसून फोनवर लिहितेय, हे चित्र बरोबर आहे का? आमच्या वेळी दिवा बंद केला की मुलं झोपत. झोपेची शिस्त हा घरचा विषय आहे, गुणसूत्रांचा नाही. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

दोन_घड्याळं

राग आहे, पण थोडा वेळ बाजूला ठेवतो. माझा मुलगा सोळाचा आहे. त्याला हाच सिंड्रोम. आमचं निदान नऊव्या वर्षी झालं, त्याआधीची नऊ वर्षं आम्ही कडकशिस्त यांच्या पद्धतीने काढली. दिवा बंद, दार बंद, रागावणं, एकदा तर मी त्याला हाताला धरून गदागदा हलवलं. ते मला अजून विसरता येत नाही.

झोप येण्याचा निरोप शरीरभर पोचवणारं रसायन म्हणजे मेलाटोनिन. तुमच्या-माझ्यात ते अंधार पडल्यावर चढतं, मध्यरात्रीनंतर शिगेला पोचतं आणि सकाळी उतरतं. या मुलांपैकी पुष्कळांत उलटं असतं. पहाटे सहाच्या सुमाराला चढायला लागतं, भर दुपारी शिगेला, रात्री आठच्या आसपास उतरलेलं. २००० आणि २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मुलांचं मेलाटोनिन चोवीस तास मोजून हे दाखवलं. सगळ्यांतच इतकं पक्कं उलटं नसतं, काहींचं नुसतं विस्कटलेलं असतं. शिवाय आरएआय१ हे पेशीतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाच्या यंत्रणेतच हात घालतं.

कडकशिस्त, तुम्हाला कुणी रोज भर दुपारी बाराला झोपेचं औषध दिलं, शाळेत बसवलं, आणि रात्री दोनला ते उतरल्यावर 'डोळे मीट' म्हणून ओरडलं, तर तुम्ही किती शिस्तीत राहाल? आमच्या मुलाची शाळेतली सगळ्यात वाईट वेळ अकरा ते एक होती. मी सात वर्षं तिला आडमुठेपणा म्हणत होतो. तो बिचारा झोपेशी झगडत होता. स्वतःच्या हाताला चावून जागं राहत होता की झोपेच्या त्रासानं चावत होता, कोण जाणे, पण मनगटावर अजून वळ आहेत.

रातकिडाताई, आता कामाचं. आमच्याकडे ज्याने फरक पडला ते लिहितो, तुमच्याकडे पडेलच असं नाही.

पहिलं म्हणजे खोली. रात्री त्याला झोपवणं हे ध्येयच सोडून दिलं. तो जागा असताना सुरक्षित असावा, एवढंच ठेवलं. कपाट भिंतीला पक्कं बसवलं, खिडकीला कुलूप, टोकदार काही नाही, गॅसकडे जाणाऱ्या दाराला वरून कडी, त्याच्या दाराला घंटी. ही मुलं रात्री घरभर फिरतात आणि दुखण्याची जाणीव कमी असते, भाजलं तरी ओरडतीलच असं नाही. पहाटेचा उजेड आत येऊ नये म्हणून पूर्ण काळोख करणारे पडदे. दिवसा उलट, सकाळी लवकर भरपूर उजेड.

दुसरं, दुपारची झोप. आधी आम्ही ती मोडायला जिवाचं रान केलं. मग शाळेशी बोलून ठरलेल्या वेळी वीस मिनिटं झोपू दिलं. दुपारनंतरची आदळआपट निम्म्यावर आली. इथे मतभेद आहेत, काही डॉक्टर दुपारी अजिबात झोपू देऊ नका म्हणतात. आम्ही न झोपलेला मुलगा घरी आणून बघितलेला आहे, त्यामुळे आमचं ठरलं.

तिसरं, दोन रंगांचा दिवा. निळा म्हणजे पलंगावर राहायचं, झोप नसली तरी चालेल. पिवळा म्हणजे खाली उतरायचं. घड्याळ कळत नव्हतं तरी रंग कळला. चार महिने लागले.

आणि तुम्ही दोघं रात्री वाटून घ्या. एक रात्र एक जण कानात बोळे घालून दुसऱ्या खोलीत. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

गोळीबंद

फार्मासिस्ट आहे. औषधांचा विषय निघणार म्हणून आधीच सांगते. संध्याकाळी बाहेरून मेलाटोनिन देणं हा उपाय बऱ्याच ठिकाणी करतात, पण या सिंड्रोममध्ये अडचण अशी की शरीर दिवसा स्वतःचं मेलाटोनिन सोडतच राहतं. म्हणून काही डॉक्टर सकाळी बीटा ब्लॉकर देतात. तोच, रक्तदाबासाठी वापरतात तो गट. मेलाटोनिन तयार करण्याचा हुकूम ज्या वाटेनं येतो ती वाट हे औषध अडवतं. फ्रान्समधल्या एका गटानं नऊ मुलांवर हे करून दिवसाचं मेलाटोनिन खाली आणलं होतं. नऊ म्हणजे किती थोडी मुलं ते लक्षात घ्या. दम्याच्या मुलाला हे औषध धोक्याचं, हृदयाची तपासणी झालेली हवी. स्वतःहून हात लावायचा नाही.

टॅसिमेलटिऑन नावाचं औषध अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, डिसेंबर २०२० मध्ये खास याच सिंड्रोममधल्या रात्रीच्या झोपेच्या तक्रारीसाठी मंजूर केलं. आजाराच्या नावानं मंजूर झालेलं आहे, एवढ्यावरून हुरळूनही जाऊ नका.

धाग्यावर कुणी कुणाला डोस विचारू नका, कुणी सांगू नका.

कडकशिस्त

दोन_घड्याळं यांचा प्रतिसाद वाचला. दुपारी मेलाटोनिन चढतं हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद मागे घेतो. संपादकांनी उडवला तरी चालेल.

रातकिडा

उडवू नका, राहू द्या. माझ्या नातेवाइकांना हा धागा वाचायला देणार आहे, त्यांना त्यांचा प्रश्न त्यात सापडेल.

खडूफळा

विशेष शिक्षिका आहे. या सिंड्रोमची दोनच मुलं शिकवली, पण एकदा शिकवलं की विसरता येत नाही. माझ्या हातावर कुठे काय खरचटलंय हे माझ्या नवऱ्याआधी त्या मुलीला दिसायचं. वर्षभरानं एखाद्या पाहुण्या बाई पुन्हा आल्या तर तिला त्यांचं नाव, त्यांच्या मुलाचं नाव आणि मागच्या खेपेला चष्मा नव्हता हे आठवायचं. विनोद कळायचा, तोही तिरकस. वाचाचाचणीत मात्र ती वयापेक्षा खूप खाली. बोलता येण्यापेक्षा समजणं कितीतरी पुढे असतं, म्हणून खुणांची भाषा आणि चित्रांची पट्टी लवकर सुरू करा. खुणा शिकवल्या तर बोलणार नाही ही भीती अनाठायी आहे.

या मुलांना हवं असतं मोठ्या माणसाचं लक्ष. इतर मुलांचं नव्हे, तुमचं. वर्गात मी दुसऱ्या मुलाकडे वळले की वही फाटायची. पहिल्या वर्षी मी दरवेळी धावत गेले, समजावलं, रागावले. म्हणजे दर फाडलेल्या वहीला मी बक्षीसच देत होते. रागावणं हे तिच्या लेखी फार रंगीत लक्ष होतं. पुढे मी चेहरा कोरा ठेवायला शिकले, वही उचलायची, एक शब्द नाही. आणि फाडाफाडी नसताना दर पाच मिनिटांनी जाऊन पाठीवर हात ठेवायचा, काही कारण नसताना. कोरा चेहरा ठेवणं सांगायला सोपं आहे. पहिले तीन आठवडे घरी येऊन रडायचे.

बदल आगाऊ सांगायचा. 'आता आपण बाहेर जाऊ' नव्हे, चित्र दाखवायचं : आधी हे, मग ते. एकदा बदली शिक्षक आले आणि मी सांगायला विसरले, त्या दिवशी खिडकीची काच गेली.

एक सांगते, अवांतर नाही. अतिचंचल, ऑटिझम ही लेबलं पूर्ण चुकीचीच होती असं नाही. ऑटिझमची लक्षणं यांच्यात पुष्कळदा भेटतात. फरक इतकाच की आता मुळाचं नाव कळलंय.

कानाकोपरा

बालरोगतज्ज्ञ. झोप आणि वागणं इतकी जागा व्यापतं की बाकीचं शरीर राहून जातं, म्हणून थोडं.

कान : या मुलांत कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत पाणी साठणं, वारंवार कान फुटणं आणि ऐकू कमी येणं फार. न ऐकणारं मूल 'ऐकत नाही' म्हणून मार खातं, हे मी बघितलंय. श्रवण तपासणी दर वर्षी. डोळे : लांबचं अंधुक दिसतं आणि चष्म्याचा नंबर वाढतो, नेत्रपटल सुटण्याचा धोका असतो, आणि डोकं आपटणाऱ्या मुलात तो जास्त. अचानक डोळा चोळायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. पाठीचा कणा वयात येताना वाकतो, त्यावर नजर ठेवा. निदान झाल्यावर एकदा हृदयाचा इको आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी. कोलेस्टेरॉल लहान वयातच वाढलेलं आढळतं, हे पालकांना खोटं वाटतं. किशोरवयात वजनाचा प्रश्न.

आणि नखं. ही मुलं नखं उपटतात, नाकाकानात वस्तू घालतात. पायाच्या नखाखाली पू झालेली मुलगी माझ्यासमोर हसत बसली होती, बुटात रक्त. दुखलं असं तिनं सांगितलं नाही, कारण तिला तेवढं दुखलंच नव्हतं. रोज अंघोळीच्या वेळी बोटं, तळवे, कान, नाक बघायची सवय लावून घ्या. आणि वागणं एकाएकी बिघडलं तर औषध वाढवण्याआधी दात, कान आणि पोट बघा. बद्धकोष्ठानं डोकं आपटणारी मुलं भेटतात.

अर्धविराम

मला एक कळत नाही. ही माहिती आहे, तर निदानाला पाच-नऊ वर्षं का लागावीत?

कानाकोपरा

कारण तान्ह्या वयात हे बाळ 'गुणी' असतं. कमी रडतं, सैल असतं, झोपाळू वाटतं. प्रत्यक्षात तेव्हाही ते कमीच झोपत असतं, पण रडत नाही म्हणून कळत नाही. दुधाला जोर नाही म्हणून थोडी धावाधाव होते, प्राडर-विली (हाही एक जनुकीय आजार) किंवा डाउनची शंका येते, त्या तपासण्या नॉर्मल येतात. खरी ओळख पटवणाऱ्या गोष्टी, म्हणजे नखं, मिठी, पानं उलटणं, वर्षा-दीड वर्षांनंतर एकेक करून उगवतात. चेहरा लहानपणी गोड बाहुलीसारखा, मोठेपणी जबडा पुढे येतो तेव्हा वेगळेपण ठळक होतं. १५ ते २५ हजारांत एक मूल. डॉक्टरच्या आयुष्यात एखादं येतं, तेही ओळखू न येता निघून जातं. १९८२ साली अ‍ॅन स्मिथ या जेनेटिक काउन्सेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली दोन मुलं नोंदवली. १९८६ मध्ये एलेन मॅजेनिस यांच्यासोबत नऊ जणांची नोंद केली. म्हणजे माझ्या शिक्षकांच्या पाठ्यपुस्तकात हा आजार नव्हताच.

ओळगळ

गळालेली ओळ परत घालता येते का? आमच्याकडे समासात लिहून काकपद देतात.

सूक्ष्मदर्शी

अजून नाही. प्रत्येक पेशीत ३७ लाख अक्षरांचं काकपद देणं आजच्या घडीला कुणालाच जमत नाही. उरलेल्या एका आरएआय१ प्रतीकडून जास्त काम करून घेता येईल का, यावर उंदरांत प्रयोग चाललेत. तिथेही मोठी गोम आहे : हे जनुक जास्त झालं तरी त्रासच. पोटोकी-लुप्स्की आठवा. मात्रा मोजून हवी.

रातकिडा

महिन्याभरानं लिहितेय.

दिवा आणला. निळा-पिवळा. पहिले अकरा दिवस तिनं निळा लागला की तो फेकायचा खेळ केला, म्हणून आता भिंतीवर उंच बसवलाय. पडदे लागले. कान तपासले : उजव्या कानात पाणी, ऐकणं कमी. म्हणजे गेली दोन वर्षं मी डावीकडून हाक मारली की ती वळायची आणि उजवीकडून मारली की नाही, आणि मी त्याला हट्ट समजत होते. कानात नळी टाकायची तारीख मिळाली आहे. औषधाचं डॉक्टरांनी हृदयाच्या इकोनंतर बघू म्हटलंय.

शाळेत दुपारी वीस मिनिटं आडवं पडायला चटई मिळाली. पहिल्या दिवशी ती दीड तास झोपली आणि कुणी उठवायला धजलं नाही.

सूक्ष्मदर्शी, आम्हा दोघांचे रिपोर्ट आले. कॅरिओटाइप आणि फिश, दोन्ही दोघांचे नॉर्मल. नव्यानेच गळालंय. नवऱ्यानं रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला आणि दिवसभर तसाच घेऊन फिरला. आम्ही अजून त्यावर बोललो नाही.

आज ती तीन चाळीसला उठली. निळ्याकडे बोट दाखवून घोगऱ्या आवाजात "नीऽळा" म्हणाली आणि पलंगावरच बसून राहिली. मासिक घेतलं, बोट जिभेला, पान. आता ती उलटतेय आणि मी उंबऱ्यात बसून हे लिहितेय. दोन_घड्याळं, आज खरं तर माझी कानात बोळे घालायची रात्र होती.

दोन_घड्याळं

मग उठा तिथून. नवऱ्याला जागं करा आणि झोपा.